बोलावणं यायचं होतं

माझ्या सासरी रांगेत उभं राहायची पद्धत नव्हती. रेशनच्या दुकानापुढे मी उभी राहायचे, नळावर मी उभी राहायचे, पण ते धरायचं नाही. सुनेने उभं राहणं म्हणजे घराण्याने उभं राहणं नव्हे. घराणं ओसरीवर आरामखुर्चीत बसलेलं असे आणि त्याच्या हातात सकाळचं वर्तमानपत्र असे.

घराणं म्हणजे माझे सासरे, मामंजी. संस्थानच्या काळात कारकुनाच्या वर आणि अधिकाऱ्याच्या खाली अशी काहीतरी त्यांची नोकरी होती. नेमकी काय, ते लग्नाला आठ वर्षं झाली तरी मला कळलं नव्हतं. त्यांचे आजोबा रिसाल्यात होते. घोडा गेला, रिसाला गेला, संस्थान गेलं, मध्यप्रदेश नावाचं नवं राज्य होऊन राजधानीसुद्धा भोपाळला गेली. मिजास तेवढी इंदुरात, आमच्या तीन भाड्याच्या खोल्यांत राहायला आली. रोज तासभर वर्तमानपत्र धरून शेवटी मामंजी एवढंच म्हणत, "काही नाही. सगळा भोपाळचा बेकार कारभार." मला वाटे, एवढ्यासाठी रोजचा पेपर कशाला, एकच घेऊन ठेवला असता तरी चाललं असतं.

मी वऱ्हाडातली, शाळामास्तरांची मुलगी. सातवीपर्यंत शिकलेली, अक्षर वळणदार. माहेरी आम्हाला कुणाच्या नावाची पाटी नव्हती की फरशी नव्हती. सासरी फरशी होती. आमच्या घरापासून दहा मिनिटांवर एका मंडळाची मराठी शाळा होती, तिच्या सभागृहात देणगीदारांची नावं कोरलेली एक फरशी होती आणि त्यात खालून तिसरं नाव मामंजींच्या वडिलांचं होतं. दर गणेशोत्सवात शाळेचा शिपाई घरी येऊन मामंजींना बोलावणं करी आणि पुढच्या रांगेत एक खुर्ची त्यांच्यासाठी राखलेली असे. त्या एका खुर्चीवर त्यांचं वर्षभर भागे.

माझी मुलगी सहा वर्षांची झाली, त्या वर्षी त्या शाळेच्या मागच्या खोल्या धोक्याच्या ठरल्या आणि पहिलीची एक तुकडी बंद झाली. जागा थोड्या, पोरं उदंड. मंडळाने ठरवलं की फॉर्म घ्यायचे, आणि जूनअखेरच्या रविवारी सगळ्यांसमोर कळशीत चिठ्ठ्या टाकून नावं काढायची. ज्याचे आईबाप हजर नसतील त्याची चिठ्ठी कळशीत पडणार नाही. नियम सरळ होता. शेजारी राहणाऱ्या गिरणीतल्या जॉबरला, म्हणजे मुकादमाला, कळला, त्याच्या बायकोला कळला, मला कळला.

फॉर्म मी शेजारणीकडून मागवून घेतला आणि ह्यांच्या हातात दिला. ह्यांनी तो मामंजींच्या हातात दिला. आमच्या ह्यांचा जन्म कागद इकडून घेऊन तिकडे देण्यासाठीच झाला होता. कचेरीतही ते तेच करत. मामंजींनी फॉर्म लांब धरला, उलटापालटा केला आणि कपाटात ठेवून दिला.

"आपल्याला फॉर्म नाही लागत," ते म्हणाले. "आपण अर्ज नाही करत, सूनबाई. आपल्याला बुलावा येतो. फरशीवर नाव आहे आपलं."

"पण मामंजी, चिठ्ठ्या टाकायच्या आहेत."

"त्या पब्लिकसाठी."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे म्हणाले, "बघू ना. बाबा बोलताहेत तर काही सोचूनच बोलत असतील." हे आयुष्यात दोनच गोष्टी बोलले, एक 'बघू' आणि दुसरी 'बाबा बोलताहेत तर'.

तो रविवार मी विसरणार नाही. मामंजींनी सकाळी सातलाच लांब कोट चढवला, डोक्यावर पगडी ठेवली आणि ओसरीवर येऊन बसले. शिपाई येणार, बोलावणं करणार, पहिली चिठ्ठी काढण्याचा मानही बहुतेक त्यांनाच मिळणार, असा त्यांचा हिशेब होता. ह्यांनाही इस्त्रीचा सदरा घालून शेजारी बसवलं होतं. मुलीच्या दोन वेण्या घालून मी तिला उंबऱ्यात उभी केली. आठ वाजले. समोरून जॉबर आणि त्याची बायको पोराला घेऊन लगबगीने गेली. नऊ वाजले. मी आतून म्हटलं, "अजूनही फॉर्म नेऊन उभं राहता येईल." दहा वाजता उन्हाने ओसरी तापली, तेव्हा मामंजींनी खुर्ची दोन हात मागे घेतली, बस्स. पगडीखालून घामाची धार कानामागे उतरत होती आणि बापलेक दोघंही गल्लीच्या तोंडाकडे बघत बसले होते. मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं. एक वाजता जॉबरची बायको पेढे घेऊन आली. तिच्या पोराचं नाव निघालं होतं.

मामंजींनी पेढा घेतला, खाल्ला आणि म्हणाले, "शिपाई बीमार असेल."

सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही म्हणतात, पण आमच्याकडे सुंभ होता की नाही याचीच मला शंका येऊ लागली होती. नुसता पीळच होता.

पुढे जे झालं ते त्याहून वाईट. तिसऱ्या दिवशी जेवताना मामंजींनी जाहीर केलं, की नात पुण्याला जाईल. त्यांची बहीण, माझ्या आतेसासूबाई, तिथे होत्या. घर मोठं, शाळा जवळ, भाषा शुद्ध. माझे एक चुलतदीर पुढच्या गुरुवारी पुण्याला परत चालले होते, ते खांडव्याला गाडी बदलून तिला घेऊन जातील. चार वर्षं, चौथीपर्यंत. मग बघू.

"म्युनिसिपालटीची हिंदी शाळा आहे ना," मी म्हटलं.

"आपली मुलगी टाटपट्टीवर नाही बसणार."

म्हणजे जमिनीवरच्या त्या तागाच्या पट्टीवर बसण्यापेक्षा तिने आईवाचून राहिलेलं बरं. आतेसासूबाई मी पाहिल्या होत्या. लग्नात त्यांनी माझ्या हाताला हात लावून पाहिला आणि शेजारणीला म्हणाल्या, "कामाचा आहे हात." अशा बाईकडे माझं सहा वर्षांचं पोर चार वर्षं राहणार होतं. मी रात्रभर जागी होते असं लिहायला हवं, पण खरं सांगायचं तर मी संतापाने गाढ झोपले आणि सकाळी उठून चपला घातल्या.

पहिल्यांदा गेले ती मंडळाच्या चिटणिसांकडे. गृहस्थ मोठे गोड. अशा माणसांचं बोलणं ऐकल्यावर चूळ भरावीशी वाटते. त्यांनी शेव-परमलची बशी पुढे केली आणि मामंजींचे गोडवे गायला सुरुवात केली.

"अहो वहिनी, त्यांच्याबद्दल आम्हाला केवढा आदर! पण अब क्या करें, चिठ्ठी म्हणजे ईश्वरी इच्छा झाली ना."

ईश्वरी इच्छा त्या वर्षी चिटणिसांच्या दोन्ही भाच्यांवर प्रसन्न झाली होती, हे मला जॉबरच्या बायकोने सांगितलेलं होतं. दोन भाचे, दोन्ही चिठ्ठ्या पहिल्या पाचात. मी ते बोलले नाही. मी पदर सावरून म्हटलं, की एक जागा द्या, मूल चार वर्षं दूर जाणार आहे.

त्यांनी शेव चावत विचार केला. "एक काम करता येईल. तुमच्या सासऱ्यांनी दोन ओळींचा अर्ज द्यावा, खुद के हाथ से. त्यांच्या हस्ताक्षरात हं, दुसऱ्या कुणी लिहिलेला नको. समितीत वजन पडतं जुन्या माणसाच्या अक्षराचं. मग एक जागा वाढवता येईल बहुतेक."

म्हणजे यांना जागा द्यायची होती, पण त्याआधी आमच्या पगडीला वाकलेलं पाहायचं होतं. दोन्हीकडे एकच रोग. मी घरी आले आणि मामंजींपुढे कागद, दौत, टाक सगळं मांडलं. दोन ओळी, मी म्हटलं. फक्त दोन.

त्यांनी कागदाला हातसुद्धा लावला नाही. "अर्ज? मी? त्या चिटणिसाचा बाप आमच्या दफ्तरात स्टूलावर बसायचा."

"मुलीसाठी, मामंजी."

"हटवा ते," ते म्हणाले आणि तोंड फिरवून बसले.

त्या क्षणी त्यांच्याबद्दल मनात जी काही सून म्हणून उरलेली माया होती तीही संपली. नातीपेक्षा ज्याला दोन ओळी जड, त्याला माणूस कशाला म्हणायचं, असं मी ह्यांना रात्री स्पष्ट बोलले. हे म्हणाले, "बघू."

दुसऱ्या दिवशी मुलीला भाजी आणायला नेते म्हणून बाहेर पडले आणि सरळ पोलोग्राउंडच्या अलीकडच्या सरकारी प्राथमिक शाळेत गेले. चांगली पंधरा मिनिटांची चाल. दोन खोल्या आणि एक पडवी. भिंतींचा चुना पोरांच्या पाठींनी पुसलेला, कोपऱ्यात फुटका माठ, आणि शेजारच्या कारखान्याची धडधड अशी की बाराखडीच्या मधेमधे हातोडा ऐकू यावा. पहिली आणि दुसरी एकाच खोलीत एकमेकींकडे पाठ करून बसलेल्या. मी नाकाला पदर लावला. खोटं कशाला बोलू, मलाही किळस आली. आठ वर्षांत सासरची हवा मलाही लागली होती. मी मुलीसाठी घरून एक छोटी चटई गुंडाळून आणली होती, तिला टाटपट्टीवर टेकायला लागू नये म्हणून.

शाळेच्या मुख्य, मोठ्या बहनजी म्हणजे एक जाडजूड माळवी बाई, एका हातात खडू आणि दुसऱ्या हातात कुणाचं तरी रडणारं धाकटं भावंड.

"नाम लिखाना है? बैठाओ," त्या म्हणाल्या. "जगह का क्या है, थोड़ा-थोड़ा सरक जाएँगे."

मी आ वासून पाहतच राहिले. ज्या जागेसाठी तिकडे कळशी, चिठ्ठ्या, समिती आणि ईश्वर लागला, ती इथे पोरांनी दोन बोटं सरकून करून दिली. त्यांनी हजेरीपटात नाव लिहिलं. मी विचारलं, बापाची सही? त्या म्हणाल्या, "माँ हो ना? तो फिर?" आणि टाक माझ्या हातात दिला. मी सही केली. आयुष्यात पहिल्यांदाच कुठल्यातरी सरकारी कागदावर माझं नाव उमटलं होतं.

मग मी चटई उलगडायला लागले. बहनजींनी ती पाहिली. "बाई, लानी है तो सबके लिए लाओ. नहीं तो वापस ले जाओ."

मी ती पुन्हा गुंडाळली आणि लाजेने काखेत दाबून घरी आणली.

चार दिवस हे गुपित टिकलं. सकाळची शाळा होती. मामंजींचं वर्तमानपत्र चालू असताना मी तिला नेऊन सोडायचे आणि आणायचे. बुधवारी संध्याकाळी पोरीने ओसरीवर बसून हिंदीत पाढे म्हणायला सुरुवात केली आणि सगळं बाहेर आलं. मामंजी ओरडले नाहीत. ओरडणं त्यांना कमीपणाचं वाटे. "उद्या गाडी आहे," एवढंच म्हणाले. "ट्रंक भरा."

मी ट्रंक भरली नाही. गुरुवारी सकाळी मुलीला नेहमीसारखी शाळेत सोडून आले. हे कचेरीत निघून गेले, मुलगी शाळेला निघताना तिच्या डोक्यावरून हात फिरवायचं मात्र त्यांना सुचलं होतं; तेवढंच. दहा वाजता चुलतदीर टांगा घेऊन आले आणि आत पोहे खायला बसले. मामंजी ओसरीवर होते.

"मुलगी?"

"शाळेत."

"घेऊन या."

आणि मला एक कल्पना सुचली. तिथल्या तिथे, उभ्याउभ्या. मी म्हटलं, "आता नाही आणता येणार मामंजी. पटावर नाव लागलं आहे. सरकारी शाळा. काढायचं तर घरातल्या कर्त्या माणसाचा लेखी अर्ज लागतो."

असा काही नियम नव्हता. बहनजींना म्हटलं असतं तर त्यांनी पोरीला दप्तरासकट माझ्या कडेवर दिलं असतं. पण मला खात्री होती. हा माणूस मंडळाला अर्ज करत नाही, तो टाटपट्टीच्या शाळेतल्या बाईला काय करणार? मी त्यांच्याच पगडीत त्यांना अडकवलं होतं आणि मला त्याचा आनंद होत होता, अगदी उघड, दुष्ट आनंद.

मामंजींनी वर्तमानपत्राची घडी केली. मग म्हणाले, "ठीक आहे. तुम्ही लिहा, मी सही करतो."

नातीला ठेवून घ्यायला दोन ओळी निघाल्या नाहीत, आणि तिला घालवून द्यायला अर्ज चालतो! मी आत गेले. कागद घेतला आणि रागाने माझ्या त्या वळणदार, मास्तरांच्या मुलीच्या अक्षरात लिहिलं: 'माझी नात याच शाळेत शिकेल. तिला पुण्याला पाठवण्याचा माझा विचार नाही. कुणीही न्यायला आले तरी तिला सोडू नये.' मला ते लपवायचं नव्हतं. मला ते त्यांच्या तोंडावर मारायचं होतं. त्यांनी वाचावं, कागद फाडावा, ओरडावं, एकदा तरी खुर्चीतून उठावं, आणि मग मला आठ वर्षांचं काय ते बोलता यावं.

कागद मी त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो लांब धरला. ओठ हलवले, वाचल्यासारखे. पुरेसा वेळ घेतला.

"छान," ते म्हणाले. "मुद्देसूद लिहिलंत."

मी टाक पुढे केला. त्यांचा हात हवेत थोडा चाचपडला आणि मग त्याला टाक सापडला. डाव्या हाताच्या बोटाने त्यांनी कागदाची कड शोधली, तिथून बोट आत सरकवलं आणि सही केली. लांब शेपटीची, दिमाखदार, जुन्या दफ्तरातली सही. ती माझ्या अक्षरांच्या बरोबर मधून, 'पुण्याला' या शब्दावरून गेली. खाली अर्धा कागद कोरा होता.

"बरोबर जागी आली ना?" त्यांनी विचारलं.

त्यांचा चेहरा माझ्याकडे होता. डोळे माझ्या कानाच्या थोडं पलीकडे काहीतरी बघत होते.

"आली," मी म्हटलं.

कागदाची घडी करून मी शाळेत गेले. बहनजींना तो दाखवलासुद्धा नाही. पडवीच्या बाहेर दहा मिनिटं उभी राहिले, आत माझी मुलगी कुणाच्या तरी पाटीवर थुंकून पुसत होती, आणि परत आले. मामंजींना सांगितलं, बहनजी नाही म्हणाल्या, वर्षाच्या मधे सोडता येत नाही. त्यांनी मान हलवली. "सरकारी माणसं कायद्याला धरून असतात," ते चुलतदिरांना म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. टांगा रिकामा गेला. माझी मुलगी माझ्यापाशी राहिली.

मामंजींना दिसत नाही, हे मी कुणालाच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुला कसं कळलं असं ह्यांनी विचारलं असतं आणि मग तो कागद काढावा लागला असता. आज सांगू, उद्या सांगू, असं करत मी दीड वर्ष काढलं. मग एका दुपारी ते ओसरीची पायरी चुकले आणि पडले. हाडाला लागलं म्हणून दवाखान्यात नेलं, तिथे डॉक्टरांनी डोळ्यांवर बत्ती धरली. काचबिंदू, ते म्हणाले. फार जुना. वेळेवर आणलं असतं तर जे होतं ते तरी टिकलं असतं, आता काही उपाय नाही.

"एका घरात राहता तुम्ही," डॉक्टर म्हणाले. "कुणाच्याच लक्षात आलं नाही?"

हे म्हणाले, नाही हो, कधीच जाणवलं नाही. मामंजी पलंगावर ताठ बसून होते, चेहरा दाराकडे, मी दाराशी उभी आहे असं समजून. मी खिडकीशी होते. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं.

"नाही," मी म्हटलं.